बोल्ट किती आवळायचा? विमानाच्या देखभालीत टॉर्क कसा ठरवायचा

नवीन आलेला मुलगा टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या पिळाने आवळायचा पाना, हातात घेतो आणि विचारतो, "सर, ह्याला टॉर्क किती?" प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. बोल्ट कुठला, नट कुठला, आटे कोरडे की तेल लावलेले, आणि फिरवणार काय, नट की बोल्टचं डोकं? ही चार उत्तरं हातात आल्याशिवाय मी कुणालाही आकडा सांगत नाही. टॉर्कचा आकडा एकट्या बोल्टचा कधीच नसतो, तो अख्ख्या जोडाचा असतो.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली. विमान घराजवळ आलं म्हणून एएमईकडे (विमान देखभाल अभियंत्याच्या कामाकडे) वळलेली उलवे-पनवेल-खारघरची मुलं मला भेटतात. त्यांचं परीक्षेचं मॉड्यूल ६ आणि ७ (साहित्य-हार्डवेअर आणि देखभालीच्या पद्धती) पाठ असतं. महापे-रबाळेच्या कारखान्यांतून या कामात आलेलेही भेटतात, त्यांचा हात पंप आणि मशिनरीवर बसलेला असतो. दोघांनाही टॉर्क माहीत असतो, फक्त तो ठरवायचा कसा हे कुणी शांतपणे बसून सांगितलेलं नसतं. म्हणून हे सगळं कामाच्या क्रमाने लिहितो आहे. इथले आकडे समजण्यापुरते आहेत. प्रत्यक्ष विमानावर त्या विमानाचं चालू मॅन्युअल सांगेल तोच आकडा.

आकडा नेमकं काय मोजतो

नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो. तो ताणच दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. आपल्याला हवा असतो हा ताण, पण तो थेट मोजणं अवघड, म्हणून आपण पिळायला लागणारा जोर, म्हणजे टॉर्क, मोजतो. घोळ इथेच आहे. लावलेल्या जोरातला साधारण निम्मा भाग नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. घर्षण थोडं बदललं की हे दहा टक्के कुठल्या कुठे जातात.

सूत्र सोपं आहे: टॉर्क = के × व्यास × ताण. के म्हणजे घर्षणावर अवलंबून असलेला गुणांक. कोरड्या आट्यांसाठी तो ढोबळमानाने ०.२ धरतात, तेल लावलं तर ०.१५ च्या आसपास येतो. पाव इंचाचा बोल्ट घ्या आणि ६० इंच-पौंड लावा. कोरड्या आट्यांवर ताण येतो १२०० पौंड. त्याच बोल्टला तेलाचा हात लागला, तर त्याच साठाला ताण जातो १६०० पौंडांवर. पाना तेवढ्याच जोराला क्लिक झाला, कार्डावर तोच आकडा लिहिला गेला, आणि बोल्टवर एक तृतीयांश ताण जास्त पडला. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने वहीत करून बघा. मग आट्यांवरचा तेलाचा डाग नुसता डाग दिसत नाही.

आधी कागद

आकडा शोधायचा एक क्रम आहे आणि तो मोडायचा नाही. सर्वांत आधी त्या कामाचं एएमएममधलं (विमानाच्या देखभाल मॅन्युअलमधलं) नेमकं टास्क. तिथे त्या बोल्टचा टॉर्क दिलेला असेल तर विषय संपला, दुसरीकडे बघायचं नाही. टास्कमध्ये आकडा नसेल, तर त्याच मॅन्युअलच्या अध्याय २० मध्ये, म्हणजे स्टँडर्ड प्रॅक्टिसेसमध्ये, बोल्टच्या मापाप्रमाणे तक्ते असतात. स्ट्रक्चरचं काम असेल तर एसआरएमचा (स्ट्रक्चर दुरुस्तीच्या मॅन्युअलचा) अध्याय ५१. सुट्या केलेल्या कंपोनंटसाठी त्याचं सीएमएम (कंपोनंटचं मॅन्युअल), इंजिनाच्या आतल्या कामासाठी इंजिन मॅन्युअल. सर्व्हिस बुलेटिनने (निर्मात्याच्या सूचनेने) किंवा एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हने (नियामकाच्या आदेशाने) आकडा बदलला आहे का, तेही याच वेळी बघायचं. रिव्हिजन (मॅन्युअलची आवृत्ती) चालू आहे का आणि ते पान तुमच्या विमानाच्या सीरियल नंबरला लागू आहे का, याची खात्री केल्याशिवाय पान उलटायचं नाही.

एफएएचं (अमेरिकेच्या विमान नियामकाचं) एसी ४३.१३-१बी हे मार्गदर्शक पत्रक प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनमध्ये असतं. त्याच्या सातव्या प्रकरणातला टॉर्कचा तक्ता शिकायला उत्तम आहे. पण तो निर्मात्याचा आकडा उपलब्ध नसेल तेव्हासाठी आहे. एअरलाइनच्या विमानावर "४३.१३ मध्ये असं आहे" हे कारण चालत नाही.

तक्ता वाचताना मी मुलांना एक सवय लावतो: आकडा वाचण्याआधी तक्त्याच्या डोक्यावरच्या आणि तळाच्या सूचना मोठ्याने वाचायच्या. आटे कोरडे धरलेत की ग्रीस लावलेले? नट टेन्शनचा (ओढणारा ताण घेणारा) की शिअरचा (आडव्या, कापणाऱ्या जोराच्या जोडाचा)? त्याच एसी ४३.१३ च्या तक्त्यात पाव इंच, इंचाला २८ आट्यांच्या बोल्टला टेन्शन नटासाठी ५० ते ७० इंच-पौंड आहेत, तर शिअर नटासाठी फक्त ३० ते ४०. शिअर नट बुटका असतो, त्यात आटे कमी. त्याला सत्तर लावले तर आटे जातील. बोल्ट एकच, आणि एका रकान्याच्या चुकीने नट वाया.

एककांकडेही लक्ष हवं. १ फूट-पौंड म्हणजे १२ इंच-पौंड. १ इंच-पौंड म्हणजे ०.११३ न्यूटन-मीटर, आणि आपल्याकडच्या किलो-सेंटीमीटरच्या पान्यावर साधारण १.१५. म्हणजे ६० इंच-पौंड होतात ६.८ न्यूटन-मीटर किंवा ६९ किलो-सेंटीमीटर. एअरबसच्या मॅन्युअलमध्ये डेकान्यूटन-मीटर भेटतो, तो न्यूटन-मीटरच्या दहापट. शिफ्टच्या शेवटी डोकं थकलेलं असताना इथे दहा पटींची चूक सहज होते. शक्यतो मॅन्युअल ज्या एककात बोलतं त्याच एककाचा पाना स्टोअरमधून घ्या. रूपांतर करावंच लागलं तर ते कागदावर करा आणि दुसऱ्याला दाखवा.

मग बोल्ट हातात घ्या

पार्ट नंबर आयपीसीतून (सचित्र पार्ट कॅटलॉगमधून) काढायचा, जुन्या बोल्टशेजारी नवा धरून मापाने नाही. याचं सगळ्यांत मोठं उदाहरण १० जून १९९० चं. ब्रिटिश एअरवेजचं ५३९० क्रमांकाचं उड्डाण बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं होतं. सुमारे १७,००० फुटांवर कॉकपिटची डावी काच निघून गेली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि कॅप्टन वाचले. काच आदल्या दिवशीच्या पहाटे बसवलेली होती. तिच्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट व्यासाने बारीक होते आणि उरलेले ६ आखूड. जुने बोल्ट नव्यांशेजारी ठेवून नजरेने जुळवलेले होते.

या अपघातातला एक तपशील प्रत्येक एएमईने लक्षात ठेवावा. हवा होता १० नंबरचा बोल्ट, लागला ८ नंबरचा. व्यासात फरक ०.०२६ इंचाचा, पण दोघांचे आटे इंचाला ३२ च. म्हणून बारीक बोल्ट नटात शिरला, फिरला, धरल्यासारखा वाटला. तो टॉर्क स्क्रूड्रायव्हरनेच आवळलेला होता. सैल आट्यांतून घसरणं आणि ठरलेल्या टॉर्कला स्क्रूड्रायव्हरचा क्लच सुटणं हाताला जवळजवळ सारखंच लागतं. बोल्ट चुकीचा असेल तर अचूक टॉर्कसुद्धा तो बरोबर करू शकत नाही.

वॉशरचंही तसंच. २० ऑगस्ट २००७ ला जपानमधल्या नाहा विमानतळावर चायना एअरलाइन्सचं बोइंग ७३७-८०० उतरून पार्किंगला आलं आणि पेटलं. पंखाच्या पुढच्या धारेवरच्या स्लॅटमध्ये (पुढे सरकणाऱ्या पट्टीत) त्याची हालचाल अडवणारी डाउनस्टॉप असेंब्ली असते, तिचा नट ज्या वॉशरने धरून ठेवायचा तो वॉशर तिथे नव्हता. सुटून पडलेला बोल्ट, स्लॅट आत घेताना, इंधनाच्या टाकीत घुसला. आतले १६५ जण बाहेर पडले, हे नशीब. असेंब्लीचं चित्र समोर ठेवून प्रत्येक वॉशर, त्याची बाजू आणि क्रम तपासल्याशिवाय पाना लावू नका.

ग्रिप लांबी, म्हणजे बोल्टचा बिनआट्याचा भाग, जोडाच्या जाडीइतकी असावी. लांब पडली तर नट आटे संपून दांड्यावर अडतो. पाना क्लिक होतो, आणि जोड मात्र सैलच राहतो. कमी पडली तर आटे भोकाच्या आत शिअर घेतात. सेल्फ-लॉकिंग नट (स्वतःच घट्ट पकडून सैल न होणारा) असेल तर बोल्टचं टोक, निदान त्याचा चॅम्फर (टोकाची तिरपी कड) पूर्णपणे, नटाबाहेर दिसायला हवा.

आट्यांची अवस्था

मॅन्युअलने कोरडे म्हटलं तर सॉल्व्हंटने पुसून खरंच कोरडे करा. ग्रीस किंवा अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं लेपन) सांगितलं असेल तर नेमकं तेच, आणि सांगितलेल्या जागीच. काही ठिकाणी फक्त आट्यांना लावायचं असतं, तर चाकाचे दोन अर्धे जोडणाऱ्या टायबोल्टसारख्या ठिकाणी बऱ्याचदा आटे आणि नटाची टेकणारी बाजू दोन्हीकडे. एवढ्या फरकानेही ताण बदलतो, कारण निम्मं घर्षण नटाच्या बुडाखालीच असतं.

आपल्याकडे याला खाडीची हवा जोडून येते. ठाण्याच्या खाडीपासून पनवेलच्या खाडीपर्यंतचा हा सगळा पट्टा खारट आणि दमट, पावसाळ्यात तर डब्यातलं हार्डवेअरसुद्धा घाम सोडतं. कॅडमियमचा मुलामा असलेल्या बोल्टवर पांढरी भुकटी दिसली किंवा मुलामा घासून पोलाद उघडं पडलेलं दिसलं, तर तो बोल्ट परत वापरू नका. अशा आट्यांचं घर्षण वाढतं, क्लिक वेळेवर येतो आणि ताण कमी पडतो. तेल लावल्यावर जे होतं त्याच्या नेमकं उलटं. नवे बोल्ट शेवटच्या क्षणापर्यंत बंद पाकिटात ठेवा, उघड्या ट्रेमध्ये रात्रभर नको.

नटाचा स्वतःचा विरोध

सेल्फ-लॉकिंग नट जोडाला टेकण्याआधीच हाताला विरोध करतो. तो जोर बोल्ट ताणायला मिळत नाही, म्हणून तो मोजून तक्त्याच्या आकड्यात मिळवावा लागतो, मॅन्युअलने तो आधीच धरलेला नसेल तर. नव्या मुलांकडून सगळ्यांत जास्त सुटणारी पायरी हीच.

मोजायला डायलचा किंवा काट्याचा पाना घ्या, क्लिकचा नाही. नट लॉकिंगचा भाग पूर्ण पकडेपर्यंत फिरवा, पण टेकू देऊ नका. मग सावकाश फिरवत असताना डायल वाचा. सुरुवातीचा झटका धरायचा नाही, नट फिरत असतानाचा आकडा धरायचा. पाव इंच, २८ आट्यांच्या नटाला हा आकडा किमान ३.५ इंच-पौंड हवा, पाच-सोळांश इंच, २४ आट्यांच्याला ६.५. त्याखाली आला तर लॉकिंग संपलेलं आहे, नट टाकून द्या. नट बोटांनी सहज आत गेला तर मोजायचीही गरज नाही, तो बादच.

नायलॉन किंवा फायबरच्या नटाला २५० अंश फॅरनहाइटच्या वरची जागा वर्ज्य. आणि जिथे बोल्ट किंवा नट फिरण्याची शक्यता आहे तिथे सेल्फ-लॉकिंग नट एकटा नको, तिथे कॅसल नट (वर खाचा असलेला) आणि त्या खाचेतून जाणारी कॉटर पिनच.

पाना

टॉर्क रेंचवर कॅलिब्रेशनचं लेबल असतं. त्यावरची पुढची तारीख आणि सीरियल नंबर बघून मगच पाना टूल क्रिबच्या (हत्यारांच्या खोलीच्या) बाहेर न्यायचा. टॉर्क रेंचच्या आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे वेगळी सूचना नसेल तर १२ महिने किंवा ५००० वापर, जे आधी होईल ते. तारखेत बसतो, पण खाली पडला असेल, तर परत तपासणीला. पडलेला पाना गुपचूप हुकला टांगून ठेवणारा माणूस पुढच्या शिफ्टच्या हातात चुकीचा आकडा देतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कॅलिब्रेशन करणाऱ्या लॅब मिळतात. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं भारतीय मंडळ) मान्यता बघा, आणि ती मान्यता तुमच्या पान्याच्या रेंजला आहे का हेही बघा.

रेंज निवडताना तुमचा आकडा पान्याच्या मधल्या भागात यावा, तळाच्या २० टक्क्यांत नको. ६० इंच-पौंडासाठी ३० ते १५० चा पाना योग्य. १५० ते १००० च्या पान्याला साठ कळतच नाही.

क्लिकच्या पान्याची मूठ मधोमध धरा आणि एका संथ ओढीत जा. क्लिक आला की थांबा. दोन-तीनदा क्लिक वाजवून बघण्याची सवय गॅरेजमधून येते. प्रत्येक जास्तीच्या क्लिकला नट थोडा पुढे सरकतो. सेट करताना खालून वर या, आकडा ओलांडला गेला तर खाली जाऊन परत वर या. काम संपलं की पाना त्याच्या सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवा, त्याखाली नाही.

एक जोड सुरुवातीपासून

धरू या की पाव इंच, २८ आट्यांचा बोल्ट आहे, नायलॉनचा टेन्शन नट, आटे कोरडे, मॅन्युअलचा आकडा ५० ते ७० इंच-पौंड. मधला ६० घेतला. नटाचा विरोध डायलवर ८ आला. म्हणजे नटाला मिळायला हवेत ६८, आणि मर्यादा सरकून ५८ ते ७८ झाली.

आता जागा अडचणीची आहे, सॉकेट बसत नाही, क्रोफूट (पान्याला बाजूने जोडायचं उघडं तोंड) लावावा लागतो. क्रोफूट पान्याच्या रेषेत पुढे आला की पान्याची लांबी वाढते आणि पान्यावर कमी आकडा लावावा लागतो. हिशोब असा: लावायचा आकडा = हवा असलेला टॉर्क × पान्याची लांबी ÷ (पान्याची लांबी + क्रोफूटची लांबी). पान्याची लांबी ड्राइव्हच्या चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत, क्रोफूटची चौकोनाच्या मध्यापासून नटाच्या मध्यापर्यंत. समजा ती ८.५ आणि १.५ इंच निघाली. ६८ × ८.५ ÷ १० = ५७.८. पान्यावर लावायचे ५८.

क्रोफूट पान्याला काटकोनात वळवून लावता आला तर लांबी वाढत नाही आणि दुरुस्ती लागत नाही, म्हणून जागा असेल तिथे मी काटकोनच निवडतो. सॉकेटखालची सरळ उभी एक्स्टेन्शन रॉड लांबी बदलत नाही, तिच्यासाठी हिशोब नको. हिशोबात मुठीचा मध्य धरला असेल तर हातही तिथेच हवा, तो दोन इंच पुढे सरकला तर गणित चुकतं.

आवळताना शक्यतो नट फिरवा आणि बोल्टचं डोकं धरून ठेवा. जागेअभावी डोकंच फिरवावं लागलं तर दांडा भोकात घासतो आणि थोडा जोर तिथे जातो. अशा वेळी मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ जायचं असतं, ती ओलांडून नाही.

बरेच बोल्ट असलेला जोड, उदाहरणार्थ चाकाचे दोन अर्धे किंवा इंजिनाची फ्लँज, समोरासमोरच्या जोड्या धरून टप्प्याटप्प्याने आवळायचा. सगळे हाताने टेकवा, मग मॅन्युअलमध्ये दिलेले टप्पे घ्या, आणि शेवटी पूर्ण टॉर्कला एक फेरी. पहिला बोल्ट एकदम पूर्ण आवळला तर शेजारचे आवळताना तो सैल पडतो, आणि गॅस्केट असेल तर हे आणखी जाणवतं.

सगळ्याच जोडांना टॉर्कचा एक आकडा पुरतो असंही नाही. काही पिस्टन इंजिनांच्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट किती ताणले गेले ते लांबी मोजून ठरवतात. काही ठिकाणी आधी थोडा टॉर्क, मग ठरलेल्या अंशांत फिरवणं. चाकाच्या एक्सल नटाला बहुधा चाक फिरवत आधी जास्त टॉर्क, मग सैल करून कमी टॉर्क, म्हणजे बेअरिंग नीट बसतं. अशा जागी स्वतःचं डोकं न वापरता वाक्यागणिक मॅन्युअल पाळायचं.

कॅसल नट आणि कॉटर पिन

आधी मर्यादेच्या खालच्या आकड्यापर्यंत आवळा. भोक आणि खाच जुळली तर पिन घाला. नाही जुळली तर हळूहळू पुढे न्या, वरच्या आकड्यापर्यंत. तोपर्यंतही जुळली नाही तर नट काढा आणि मॅन्युअल परवानगी देतं त्या जाडीचा दुसरा वॉशर किंवा दुसरा नट लावून परत करा. "अर्धा फ्लॅट (नटाची अर्धी बाजू) मागे घेऊ या का सर, पिन बसते" असं हमखास कुणीतरी विचारतं. मॅन्युअलने त्या जागी स्पष्ट सांगितलं नसेल तर मागे घ्यायचं नाही. मागे घेतलेल्या नटाचा टॉर्क किती राहिला हे कुणालाच सांगता येत नाही.

आवळून झाल्यावर

चुकून जास्त आवळला गेला तर सैल करून परत योग्य आकड्याला आणणं हा उपाय नाही. बोल्ट एकदा मर्यादेपलीकडे ताणला गेला असेल तर तो परत पूर्वीसारखा होत नाही. बोल्ट आणि नट दोन्ही बदला, आणि ते सांगा. मुकाट्याने करू नका.

आधीच आवळलेल्या नटाचा टॉर्क तपासायला पाना लावला आणि तो हलताना दिसणारा आकडा वाचला, तर तो मूळ टॉर्क नसतो. थांबलेला नट हलवायला जास्त जोर लागतो. म्हणून तपासणीत पाना ठरलेल्या आकड्याला लावून नट सरकतो का एवढंच बघायचं. मॅन्युअलने सैल करून परत आवळायला सांगितलं असेल तर पूर्ण तसंच करायचं.

नट आणि पृष्ठभाग यांवर एकसंध टॉर्क सीलची (खुणेच्या रंगाची) रेघ ओढा. पुढच्या तपासणीत रेघ तुटलेली दिसली तर नट हलला आहे हे टॉर्चच्या उजेडात लगेच कळतं. रेघ टॉर्क झाल्यानंतरच ओढायची, आधी ओढून ठेवलेली रेघ खोटी साक्ष देते. मध्येच काम दुसऱ्या शिफ्टकडे द्यावं लागलं तर कुठले बोल्ट पूर्ण झाले आणि कुठले नुसते टेकवलेत ते कार्डावर आणि हँडओव्हरमध्ये लिहून द्या, तोंडी नाही. फ्लाइट कंट्रोलसारख्या ठिकाणी सीएआर-१४५ (देखभाल संस्थांसाठीचे भारतीय नियम) प्रमाणे दुसऱ्या अधिकृत माणसाची स्वतंत्र तपासणी लागते. त्याने प्रत्यक्ष बघितल्याशिवाय त्याची सही घेऊ नका.

कार्डावर "टॉर्क केला" एवढं पुरत नाही. मॅन्युअलचा संदर्भ आणि रिव्हिजन, लावलेला आकडा एककासह, मोजलेला नटाचा विरोध, क्रोफूट वापरला असेल तर त्याचा हिशोब, आणि पान्याचा सीरियल नंबर. पुढे एखाद्या पान्याचं कॅलिब्रेशन चुकीचं निघालं तर त्याने आवळलेले सगळे बोल्ट याच नोंदीवरून शोधून काढावे लागतात.